वाचकांचे प्रश्न : रेझिन, हार्डनर आणि हाताला सुटलेली खाज

मागच्या अंकात या पानावर वर्कशॉपच्या फरशीला मारायच्या इपॉक्सी कोटिंगबद्दल दोनचार ओळी आल्या होत्या, त्यावर जळगाव-धुळे-नंदुरबारकडून इतके प्रश्न आले की हे अख्खं पान त्यालाच देऊन टाकतोय. ज्यांना इपॉक्सी म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी एकच सांगतो, घरात अराल्डाइटच्या दोन ट्यूब असतात ना, एक रेझिन आणि एक हार्डनर, तोच माल कारखान्यात बॅरलने येतो. मोटारी, ट्रान्सफॉर्मर, पाइपाचं कोटिंग, फरश्या, पवनचक्कीची पाती, सगळीकडे तोच. नावं कोणाचीच छापत नाही, बऱ्याच जणांनी शेठला कळू देऊ नका असं लिहिलंय, ते समजण्यासारखं आहे.

राम राम सर. मी साक्री तालुक्यातला, ब्राह्मणवेलकडे पवनचक्कीच्या पात्यांच्या रिपेरिंगला जातो. ग्लास क्लॉथ म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड लावायचं, रेझिन मारायचं, सुकलं की ग्राइंडर. सुरवातीला काहीच त्रास नव्हता पण आता मनगटावर बारीक पाण्याचे फोड येतात, भयंकर खाज सुटते, आणि डोळ्याच्या पापण्या सुजतात. मुकादम म्हणतो उन्हाचं आहे, घामोळ्या आहेत. घरी सुट्टीवर गेलो की बरं वाटतं, परत आलो की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालू. मेडिकलवरून मलम आणून लावू राहिलो. काय करू? — एक वाचक, साक्री

भाऊ, घामोळ्या पाठीवर, मानेवर, काखेत येतात. त्या पापणीवर येत नाहीत आणि सुट्टी बघून बऱ्याही होत नाहीत. तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे आधी काही नाही, मग अचानक, कामावर गेलं की दोन दिवसांनी, घरी राहिलं की कमी, ते वाचून पहिला संशय इपॉक्सीच्या ॲलर्जीवर जातो, पक्कं काय ते डॉक्टर तपासून सांगतील.

हे होतं कसं ते नीट समजून घ्या कारण सगळा घोळ इथेच होतो. पातळ रेझिनमध्ये मुख्य माल असतो बिस्फेनॉल-ए डायग्लिसिडिल इथर नावाचा. त्याचा रेणू लहान असतो, कातडीतून आत शिरतो आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीला त्याची ओळख पटते. ही ओळख पटायला कोणाला काही दिवस लागतात, कोणाला काही वर्षं, कोणाला आयुष्यभर होतच नाही, म्हणून तुमच्या बाजूचा माणूस उघड्या हाताने काम करतो आणि छाती ठोकून सांगतो मला काय झालं का. पण एकदा ओळख पटली की मग ती बहुतेक वेळा जन्माची, नंतर एक थेंब लागला तरी पुरतो. आणि ही उशिरा येणारी ॲलर्जी आहे, लागल्यावर एक ते तीन दिवसांनी उठते, त्यामुळे सोमवारच्या कामाची खाज बुधवारी येते आणि माणूस बुधवारी काय खाल्लं ते आठवत बसतो, वांग्याला दोष देतो.

पापण्यांचं कारण दोन प्रकारचं. एक म्हणजे ग्राइंडरची धूळ, अर्धवट सुकलेल्या मालावर ग्राइंडर फिरवला तर त्या धुळीत न जुळलेलं रेझिन-हार्डनर असतं आणि ती धूळ तोंडावर बसते, पापणीची कातडी सगळ्यात पातळ म्हणून तिथे आधी दिसतं. दुसरं म्हणजे आपलाच हात. मी साइटवर उभं राहून बघितलंय, माणूस काम थांबवतो, ग्लोव्हज काढतो ते बाहेरच्या बाजूने बोटात धरून, म्हणजे चिकट बाजू हाताला लागलीच, मग खिशातून पुडी काढून तंबाखू तळहातावर घेतो, चुना लावून अंगठ्याने मळतो आणि तसाच ओठाखाली. मग त्याच बोटाने डोळा चोळतो, मोबाइल काढतो, लघवीला जाऊन येतो. त्या दहा मिनिटांत ते रेझिन कुठे कुठे गेलं विचार करा. मोबाइलच्या कव्हरवरचं तर दुसऱ्या दिवशी घरच्या लेकरापर्यंत जातं.

आता करायचं काय. मलम बंद करा असं म्हणत नाही पण मेडिकलवाल्याच्या मनाने घेतलेलं स्टिरॉइडचं मलम पापणीवर तर अजिबात नको, त्याने कातडी पातळ होते आणि डोळ्याच्या आतही त्रास होऊ शकतो. धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे त्वचारोग विभागात दाखवा आणि पॅच टेस्टबद्दल विचारा, त्यात पाठीवर छोट्या पट्ट्या दोन दिवस लावतात आणि त्यानंतर बघतात कुठे उठलं. एक लक्षात ठेवा, नेहमीच्या पट्ट्यांमध्ये साधं इपॉक्सी रेझिन असतं पण हार्डनर आणि पातळ करायला टाकलेली केमिकलं असतीलच असं नाही, म्हणून टेस्ट नॉर्मल आली म्हणजे सुटलो असं नाही. तुम्ही वापरता त्या दोन्ही डब्यांच्या लेबलचा फोटो आणि सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालात काय आहे आणि त्याचा धोका काय ते सांगणारा कागद, सोबत न्या. ती शीट कंपनीकडे असतेच, मागायचा तुम्हाला हक्क आहे. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल तर तेही न्या, आणि कामामुळे होतंय असं कागदावर लिहून घ्या, कारण केमिकलमुळे होणारा कातडीचा आजार हा कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होता, त्याला घामोळ्या म्हणून उडवून लावता येत नाही.

आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर कडू बोलतो, लेमिनेशनचं, म्हणजे कापडावर रेझिन मारायचं काम सोडावं लागेल. त्याच साइटवर दुसरं काम मागा, मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकलकडे. ग्लोव्हज घालून रेटू असं म्हणणारे बरेच बघितले, शेवटी त्यांना काम तर सोडावं लागलंच वर हात महिनोन्‌महिने बरे झाले नाहीत.

आमच्याकडे दवाखान्यात मिळतात ते पांढरे रबरी ग्लोव्हज देतात, चालतात का? आणि हात धुवायला थिनर ठेवलेलं असतं. — जळगाव एमआयडीसी

नाही चालत. लॅटेक्सच्या पातळ ग्लोव्हजमधून रेझिन आणि हार्डनर बघता बघता पार होतं, वरून दिसत काहीच नाही, आत घामाने भिजलेला हात असतो. कापडी हातमोजे तर त्याहून वाईट, ते माल शोषून घेतात आणि दिवसभर कातडीला चिकटवून ठेवतात. कमीत कमी नायट्राइल (एक प्रकारचं कृत्रिम रबर), आणि ते पण थोड्या वेळासाठी, माल लागला की बदला, जेवणाच्या सुट्टीनंतर तेच परत घालू नका. तासन्‌तास हात मालात असेल तर ब्युटाइल रबर किंवा अनेक थरांचे प्लास्टिक लॅमिनेटचे ग्लोव्हज लागतात, महाग आहेत पण कामगाराच्या हातापेक्षा स्वस्त. आपल्याकडच्या उन्हात नायट्राइलच्या आत फार घाम येतो हे खरंय, आतून पातळ सुती मोजा घाला आणि तो रोज बदला.

थिनर, ॲसिटोन, रॉकेल यातलं काहीही कातडीला लावू नका. थिनरने हात साफ दिसतो कारण रेझिन विरघळतं, पण विरघळलेलं रेझिन पसरतं आणि थिनरने कातडीचं तेल काढून टाकलेलं असतं, म्हणजे आत जायला रस्ता मोकळा. आधी कागदाने किंवा चिंधीने पुसा, मग साबण-पाणी. मेकॅनिक लोक वापरतात तो हात धुवायचा पेस्ट असेल तर उत्तम, फक्त त्यात खरखरीत दाणे नकोत.

सर, भुसावळला छोटं वर्कशॉप आहे, पंपाच्या मोटारी आणि पॅनलची पॉटिंग करतो, म्हणजे आत रेझिन ओतून भरतो. मे महिन्यात पोराने दुपारच्या कामासाठी एकदमच पाच किलो माल बादलीत मिक्स करून ठेवला आणि जेवायला गेला. आम्ही आलो तर बादलीतून धूर निघत होता, बादली वितळून वाकडी झालेली, माल पिवळा-काळा पडून तडकलेला. आग लागली असती का? माल खराब होता का? — एक वाचक, भुसावळ

माल खराब नव्हता, भुसावळचा मे महिना होता.

रेझिन आणि हार्डनर एकत्र आले की त्यांची जी क्रिया होते ती उष्णता बाहेर टाकते. पातळ थर असेल तर उष्णता निघून जाते, कळत पण नाही. बादलीत ढीग असेल तर मधली उष्णता बाहेर निघायला जागा नाही, गरम झाल्यामुळे क्रिया जोरात होते, जोरात झाल्यामुळे अजून गरम, आणि हे चक्र सुटलं की आतलं तापमान दीडशे-दोनशे डिग्रीपर्यंत सुद्धा जातं. मग धूर. त्या धुरात काय काय असतं ते विचारू नका, नाका-घशाला झोंबतो आणि फुफ्फुसालाही वाईट, त्यात वाकून बघायचं नाही.

डब्यावर पॉट लाइफ, म्हणजे मिक्स केल्यावर माल वापरता येतो तो वेळ, लिहिलेली असते ना, चाळीस मिनिटं वगैरे, ती साधारण २५ डिग्रीला आणि बहुतेक वेळा फक्त १०० ग्रॅम मालाला मोजलेली असते. ढोबळ हिशोब असा की तापमान १० डिग्रीने वाढलं की वेळ निम्मा होतो. २५ ला चाळीस मिनिटं, तर ३५ ला वीस, ४५ ला दहा. आणि पत्र्याच्या शेडमध्ये भर दुपारी माल स्वतःच ४५ ला असतो, त्यात एकदम पाच किलो, म्हणजे तुमच्या पोराने चपाती मोडून तोंडात घालेपर्यंत खेळ सुरू झाला असणार. यात त्याला शिव्या देऊन उपयोग नाही, त्याला हे कोणी सांगितलंच नसणार.

उन्हाळ्यात मिक्सिंग सकाळी लवकर करा, रेझिनचे डबे रात्रभर थंड जागेत ठेवा, अर्धा-एक किलोच्या वर एका वेळी मिक्स करू नका आणि मिक्स केलं की उभट बादलीतून पसरट ट्रेमध्ये ओता. स्लो हार्डनर मिळतो, मार्च ते जून तोच मागवा. पटकन सुकावं म्हणून हार्डनर जास्त टाकायची जी सवय आहे ती पण बंद करा, जास्तीचा हार्डनर जुळायला जोडीदार नसल्यामुळे तसाच आत राहतो, माल चिकट आणि कमजोर होतो आणि तोच पुढे हाताला लागतो. प्रमाण वजन काट्यावर, अंदाजपंचे नाही.

परत असं झालंच तर: बादली गरम लागायला लागली आणि धूर सुरू व्हायच्या आत लक्षात आलं तर माल पत्र्यावर किंवा कोरड्या वाळूवर पातळ पसरवून द्या. धूर सुरू झाला असेल तर हात लावायचा नाही, फावड्याने ढकलता आली तर उघड्यावर ढकला, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे रहा. झाकण लावायचं नाही, कोंडलेली वाफ झाकण उडवते. आग लागली असती का, तर रेझिन स्वतः सहज पेटत नाही, पण बाजूला ॲसिटोनचा डबा किंवा थिनरच्या चिंध्या असतील तर त्या पेटू शकल्या असत्या, ॲसिटोनच्या वाफेला भडकायला साधी ठिणगी पुरते आणि मे महिन्यात ती वाफ फरशीवर पसरलेलीच असते.

अजून एक, कूलर. आपल्याकडे शेडमध्ये कूलर लावतातच, पण ताज्या कोटवर कूलरचा ओला वारा मारला की हार्डनरमधलं अमाइन नावाचं केमिकल हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी जुळून वर तेलकट चिकट थर येतो. दुसरा कोट त्यावर धरत नाही. पाण्याने धुऊन, सुकवून मगच पुढचा हात द्या.

हिवाळ्यात रेझिनच्या कॅनमध्ये खाली पांढरं दाणेदार साचलं, सप्लायर म्हणतो चालेल, आम्हाला वाटतं नकली माल दिला. — चाळीसगाव

सप्लायर खरं बोलतोय. थंडीत तूप थिजतं तसं शुद्ध रेझिन थिजतं, जितकं शुद्ध तितकं लवकर. कॅनचं झाकण सैल करून गरम पाण्यात साधारण ५०-६० डिग्रीला ठेवा, दाणे पूर्ण विरघळेपर्यंत, मग हलवून घ्या आणि थंड झाल्यावर वापरा. पाणी आत जाऊ देऊ नका. फक्त गॅसच्या शेगडीवर किंवा ब्लोअर-टॉर्चने गरम करू नका, तो प्रकार बघितला आहे म्हणून सांगतोय.

पारोळ्याकडे आमचं शेत आहे. जळगावच्या एका भंगारवाल्याकडे निळे आणि लोखंडी ड्रम स्वस्तात मिळतात, आतून चिकट असतात, तो म्हणतो वॉशिंग सोडा टाकून धुतले की झालं. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा पाणी साठवायला हवेत. घेऊ का? — एक शेतकरी

दादा, घेऊ नका. पिण्याला तर नाहीच, गुरांना नाही, फवारणीच्या पाण्यालाही नको. टँकरची वेळ आली की ड्रम किती मोलाचा वाटतो ते कळतंय मला, पारोळा-अमळनेरकडे दोनशे लिटर पाण्यासाठी रात्रभर जागलेली माणसं आहेत. पण रेझिन सोड्याने निघत नाही, ते ड्रमच्या कडेच्या दुमडीत आणि बुचाच्या आट्यात बसून राहतं आणि थोडं थोडं पाण्यात येतं. हार्डनरचा ड्रम असेल तर तो अजून वाईट, त्यातला माल कातडी आणि घसा भाजतो. आणि ड्रम कशाचा होता हे भंगारवाल्याला तरी कुठे माहीत असतं, लेबल फाडूनच विकतो.

धुतलेलं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतलं तर तिथले मासे-बेडूक जातील, पाण्यातल्या जिवांना हे केमिकल विषारी आहे आणि त्याचा परिणाम बरेच दिवस राहतो. लोखंडी ड्रम गॅस कटरने कापून अर्धा करायचा विचार असेल तर तोही सोडा, आत थिनरची वाफ राहिली असेल तर ड्रम फुटतो, आणि राहिलेलं रेझिन जळून जो धूर निघतो तो वेगळाच.

खरं तर असे ड्रम भंगारात यायलाच नकोत. २०१६ च्या घातक कचरा नियमांत केमिकल लागलेले रिकामे ड्रम घातक कचऱ्यात धरलेत, ते कारखान्याने प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्यालाच द्यायचे असतात. नियम आहे, भंगारवालाही आहे. तुम्ही आपले खाद्यतेलाचे किंवा गुळाच्या काकवीचे ड्रम शोधा, नाही तर पाण्याची नवी टाकी घ्या, तेवढ्यासाठी बचत गटाकडून पैसे उचलले तरी चालतील.

माझी मुलगी धुळ्यात घरीच रेझिन आर्ट करते, की-चेन, ट्रे, चहाचे कोस्टर, ऑर्डरी पण येऊ लागल्यात. बाटलीवर नॉन-टॉक्सिक लिहिलंय, वासही येत नाही. ती किचन ओट्यावरच करते आणि घरात दीड वर्षाचा नातू आहे. काळजी वाटते. — एक आजी, धुळे

आजी, काळजी बरोबर आहे आणि मुलीचं काम बंद करायची गरज नाही, दोन्ही खरं आहे.

वास येत नाही हीच याची खोड आहे. थिनरचा वास आला की माणूस खिडकी उघडतो, रेझिनला वासच नाही म्हणून कोणी घाबरत नाही, आणि इथे धोका नाकातून कमी अन् हातातून जास्त असतो. नॉन-टॉक्सिकचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की प्यायल्याने लगेच मरत नाही किंवा सुकल्यावर काही सोडत नाही, त्यात ॲलर्जी होणार नाही असं कुठेच म्हटलेलं नसतं. वर साक्रीच्या भाऊंना जे झालंय ते याच मालाने होतं.

ओटा सोडून दुसरी जागा करा, गॅलरी असेल तर उत्तम, खाली जुनं प्लास्टिक अंथरा. नायट्राइल ग्लोव्हज आणि पूर्ण बाह्यांचा जुना ड्रेस, जो वेगळा धुवायचा. नातवाला तिथे येऊच द्यायचं नाही, ओले साचे त्याच्या हाताच्या वर, कपाटात. हार्डनरची बाटली तर कुलपात, पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काढून ठेवायची नाही, खानदेशातल्या घरात उन्हाळ्यात लेकरू दिसेल ती बाटली तोंडाला लावतं. आणि चोवीस तासांत वरून कडक झालं तरी आतून पूर्ण जुळायला हप्ता लागतो, तोवर सॅण्डपेपर मारू नये, मारताना ओला मारावा म्हणजे धूळ उडत नाही, तरी एन-९५ मास्क लावावा.

ट्रेमध्ये थेट खायचं वाढू नका. कोस्टर ठीक आहे, फक्त साधं रेझिन ५०-६० डिग्रीला मऊ पडतं, उकळत्या चहाचा कप ठेवला की गोल डाग उमटेल आणि गिऱ्हाईक फोन करेल. लाइटखाली मिनिटात सुकतं ते यूव्ही रेझिन वेगळ्या जातीचं, पण ॲलर्जीच्या बाबतीत त्याचाही भरवसा नाही.

हार्डनर डोळ्यात उडालं तर? आमच्या इथे एकाने दूध टाकलं, एकाने गुलाबजल. — नंदुरबार

पाणी. साधं, भरपूर, वाहतं पाणी, पापणी उघडी धरून, कमीत कमी पंधरा मिनिटं घड्याळ बघून. दूध नाही, गुलाबजल नाही, लिंबू तर चुकूनही नाही. लेन्स असेल तर धुता धुता काढा. मग १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने डोळ्याच्या डॉक्टरकडे, आणि डब्याचं लेबल सोबत. अमाइनवाला हार्डनर अल्कलीसारखा डोळ्यात खोल जातो, आग थांबली म्हणून घरी बसू नका. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, येताना परत घसा भाजतो. अंगावर सांडलं तर कपडे उतरवायचे आणि धुवायचं, लाजायची ती वेळ नाही.

जमिनीवर सांडलं तर वाळू किंवा माती टाका. लाकडाचा भुसा हार्डनरवर टाकू नका, भुसा आतल्या आत तापून पेटू शकतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

इपॉक्सीने कॅन्सर होतो का? एकाने फॉरवर्ड पाठवलाय. — भडगाव

फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये या मुख्य रेझिनला तिसऱ्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो की नाही हे ठरवण्याएवढा पुरावा नाही. ते बनवायला लागणारं एपिक्लोरोहायड्रिन मात्र त्याच संस्थेच्या यादीत बहुधा कॅन्सरकारक गटात आहे, पण ते रेझिन बनवणाऱ्या प्लांटचं दुखणं, तयार मालात त्याचा अंश नावालाच उरतो. ग्राइंडिंगच्या धुळीत सिलिका पावडर असेल, फरशीच्या मालात बऱ्याचदा असते, तर तिच्याकडे जास्त लक्ष द्या, सिलिकाने फुफ्फुसाचा सिलिकोसिस होतो आणि कॅन्सरही होतो, यात शंका नाही.

नळाच्या गळतीला एम-सील लावतो ते पण हेच का? हाताने मळतो आम्ही. — यावल

हो, तेच, फक्त घट्ट. वर्षातून एखाद्या वेळी मळलं तर घाबरायचं कारण नाही पण प्लंबरचं कामच ते असेल तर ग्लोव्हज घाला, काही नसेल तर हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा. पाणी लावून मळलं तरी हाताला लागतंच. टाकीच्या आतून लावायचं असेल तर पिण्याच्या पाण्याला चालतं असं पाकिटावर लिहिलेलं बघून घ्या आणि पूर्ण कडक झाल्यावर एकदा पाणी भरून ते ओतून द्या, मग वापरा.